पांढरकवडा, पार्टीचं नाव सांगा

पांढरकवडा
९ जानेवारी १९६३

यवतमाळच्या ट्रंक बोर्डावर सकाळच्या पाळीला असणाऱ्या बाईंना सुखी ह. राठोड हिचा नमस्कार.

तुमचं नाव ठाऊक नाही, म्हणून पाकिटावर ‘सकाळच्या बाई’ एवढंच लिहिलं. माझा आवाज मात्र तुमच्या ओळखीचा असणार. "हॅलो यवतमाळ, हॅलो, हॅलो, यवतमाळ हॅलो" असं जी रोज तुमच्या कानात ओरडते, ती मी. डिसेंबरपासून पांढरकवड्याच्या टेलिफोन बोर्डावर बसते.

आमचा तांडा इथून कोसभर दूर आहे. मी यवतमाळला वसतिगृहात राहून मॅट्रिक झाले. आमचे हे तारा ओढायच्या कामावर, लाइनमन आहेत. ही जागा निघाली हे त्यांनीच घरी सांगितलं. तांड्यात सगळे म्हणाले, सुनेनं परक्या माणसांशी दिवसभर बोलायचं म्हणजे काय! माझे सासरे तांड्याचे नायक. ते म्हणाले, "मंग शिकली कायले पोरगी? गोवऱ्या थापाले?" म्हणून मी इथे आहे.

जूनमध्ये इन्स्पेक्टरसाहेब येतील आणि शेरा लिहितील. शेरा चांगला असला तर नोकरी पक्की, नाहीतर मी परत तांड्यात. कोणता प्लग कुठे घालायचा एवढं मला पोस्टमास्तरांनी शिकवलं. पुढचं विचारलं तर म्हणाले, "येईल हळूहळू." पण मला घाई आहे हो.

काल यवतमाळचा कोणी कापसाचा व्यापारी आदिलाबादची लाइन मिळत नाही म्हणून तुमच्यावर ओरडत होता. मी इकडून लाइन धरून बसले होते. ऐकायचं नसतं हे माहीत आहे, पण कानाला झाकण नसतं. तो जसजसा ओरडत गेला तसतसा तुमचा आवाज खाली खाली आला, आणि शेवटी तोच "माफ करा बाई" म्हणाला! हे तुम्ही कसं केलं? मी असते तर रडले असते किंवा प्लग काढला असता. मला हे शिकवाल का?

लाइनवरच विचारणार होते. पण काल तुम्ही म्हणालात, "पांढरकवडा, लाइन मोकळी करा," म्हणून पत्र लिहिते. आवाजावरून तुम्ही उंच आणि गोऱ्या असाल असं वाटतं.

आपली,
सुखी ह. राठोड


यवतमाळ
१७ जानेवारी १९६३

चि. सुखीस आशीर्वाद.

इथे ‘सकाळच्या बाई’ आम्ही तिघी आहोत. तुझं पत्र आधी बाकीच्या दोघींनी वाचलं, पोटभर हसून घेतलं आणि मग "हे तुमचंच" म्हणून माझ्या पुढ्यात टाकलं. माझं नाव विमल वानखडे. पुढच्या पाकिटावर तेवढं लिहायची कृपा करावी. आणि मी बुटकी आहे, सावळी आहे, खुर्चीवर उशी घेतल्याशिवाय माझा हात बोर्डाच्या वरच्या ओळीपर्यंत जात नाही.

इतकी वर्षं या खात्यात काढली, पण ‘मला शिकवा’ असं कोणी लिहून कळवलं नव्हतं. नव्या मुली येतात, पंधरा दिवसांत सगळं येतं असं समजतात. तू विचारलंस याचा मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. शिकवीन. अट एकच. बोर्डावर जे घडलं ते जसंच्या तसं कळवायचं. चूक झाली तर ती आधी. माझ्यापुढे शहाणं दिसायची धडपड करायची नाही.

आता पहिला धडा. तू बोलताना मान डोलावतेस, हे मला इथून कळतं. मी विचारते, "वणी मिळालं का?" आणि तिकडून काहीच नाही. म्हणजे बाईसाहेब होकारार्थी मान हलवून बसल्या आहेत! फोनवरच्या माणसाला तुझी मान दिसत नाही, हात दिसत नाही, तोंडही दिसत नाही. त्यामुळे तुझं सगळं वागणं गळ्यात आलं पाहिजे. हसलीस तर ते आवाजात ऐकू येतं, आणि कंटाळलीस तर तेही.

त्या व्यापाऱ्याचं म्हणशील तर त्यात जादू काही नाही. ओरडणाऱ्या माणसाला समोरच्यानंही ओरडावं असं वाटत असतं. आपण हळू बोललो की ऐकण्यासाठी त्याला गप्प बसावं लागतं. त्याचं सगळं बोलून होऊ द्यायचं, मग विचारायचं, "नंबर कोणता म्हणालात?"

आणि रोज सकाळी रिकाम्या कळशीत तोंड घालून मोठ्यानं नंबर म्हणायचे. तुझा आवाज तुझ्याच कानावर येऊन आदळेल. लोकांना काय सोसावं लागतं ते मग तुला कळेल.

तुझी,
विमलताई


पांढरकवडा
१२ फेब्रुवारी १९६३

ती. विमलताईंना नमस्कार.

अट कबूल. म्हणून आधी कळशीचं सांगते.

पहिल्या दिवशी मी पहाटे घराच्या मागे जाऊन कळशीत तोंड घातलं आणि "तेवीस, चोवीस, होल्ड करा" सुरू केलं. शेजारची रामीबाई पाण्याला निघाली होती. तिनं ते पाहिलं आणि तशीच माझ्या सासूबाईंकडे पळत गेली. "धनीबाई, तुही सून कळशीसंग बोलून राह्यली!" सासूबाई मीठ-मिरच्या घेऊनच आल्या. माझ्यावरून उतरवल्या, कळशीवरूनही उतरवल्या. मिरचीचा ठसका लागला तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. मी किती सांगितलं की यवतमाळच्या बाईंनी सांगितलंय. तर म्हणाल्या, "त्या बाईलेही कोणाची नजर लागली असन." तेव्हा ताई, सांभाळून राहा.

आता सगळ्यांना सवय झाली आहे. लेकरं माझ्याबरोबर नंबर म्हणतात. आवाजही सुधारला असावा. परवा दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "आज बोर्डावर नवीन बाई आल्या का?" मी "नाही, जुनीच आहे" म्हणाले आणि दिवसभर हवेत होते.

सासरे रोज सकाळी मला पोस्टापर्यंत पोचवायला येतात. आमच्यात सून सासऱ्यांशी तोंडावर बोलत नाही, त्यामुळे ते पुढे चालतात, मी पदर ओढून मागे. मधे आमचा कुत्रा भुऱ्या. सासऱ्यांना काही सांगायचं असलं की ते भुऱ्याला सांगतात, "भुऱ्या, आज ऊन लय तपन बावा, पाणी पेत जा." मग मी भुऱ्याला सांगते, "भुऱ्या, पोस्टात माठ आहे, काळजी नको." असं बोलत बोलत आम्ही पोचतो. भुऱ्याइतक्या सूचना आमच्या तांड्यात कोणत्याच कुत्र्याला मिळत नसतील.

फक्त एकवीस नंबरचं जमत नाही. ते ट्रकवाले सरदारजी. त्यांनी पोस्टमास्तरांकडे तक्रार केली आहे. मी प्रयत्न करते आहे.

आपली,
सुखी


यवतमाळ
२५ फेब्रुवारी १९६३

चि. सुखीस आशीर्वाद.

मीठ-मिरचीचं वाचून इथला सगळा बोर्ड हसला. सासूबाईंना सांग, माझ्यावरून उतरवायला एक डबा पाठवा.

पण चार पानं कळशीची आणि तक्रारीच्या ओळी दोन, हे मला बरं दिसलं नाही. तुझी ती ‘मी प्रयत्न करते आहे’ची ओळ मी फिरून फिरून वाचली आणि मला काहीच कळलं नाही. म्हणून मग आपले कॉल आठवून पाहिले. एकवीस नंबर म्हणजे किसनसिंग ट्रान्सपोर्ट. नागपूर, हैदराबादहून त्यांना पी.पी. कॉल येतात, म्हणजे ज्याचं नाव दिलं त्याच माणसाला फोनवर बोलवायचं. मी तुला नाव देते, तू त्यांच्या ऑफिसात विचारतेस आणि मला लाइनवर येऊन सांगतेस, "पार्टी हजर नाही." नेहमीच! एवढा मोठा धंदा करणारा माणूस ऑफिसात कधीच नसतो? आणि एकदा तू त्यांच्या मुनिमाला "लाल पगडीवाल्यांना द्या" म्हणालीस, तेही मी ऐकलं.

मला वाटतं, तुला त्या सरदारजींची भीती वाटते. आवाज मोठा आहे खरा. माझ्याही कानात दडे बसतात. पण ज्याची भीती वाटते त्याला एकदा समोर बसून पाहावं. एकटी जाऊ नकोस, घरचं वडील माणूस घेऊन त्यांच्या ऑफिसात जा. सांग की मी बोर्डावरची. त्यांचं तोंड पाहिलंस की भीती जाईल.

आणि पुढच्या पत्रात कळशी नको.

तुझी,
विमलताई


पांढरकवडा
१८ मार्च १९६३

ती. विमलताईंना नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं केलं. सासऱ्यांना, म्हणजे भुऱ्याला, सांगितलं की एकवीस नंबरवाल्यांकडे जायचं आहे. सासरे खूश झाले. ठेवणीतला फेटा बांधला.

सरदारजी फारच प्रेमळ निघाले. ट्रकच्या टपावरून हमालांना शिव्या देत होते. आम्हाला पाहिल्यावर खाली उतरले, पितळेच्या मोठ्या पेल्यात ताक दिलं. सासऱ्यांनी त्यांना सांगितलं, आमचे आजे-पणजे याच वाटेनं बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून नेत होते. सरदारजी म्हणाले, "तो हम एक ही धंदे के हुए, चौधरीजी! आप बैल हाँकते थे, मैं ट्रक हाँकता हूँ." मग त्यांनी विचारलं, "आपका शुभनाम?" सासऱ्यांनी नाव सांगितलं. सरदारजींनी त्यांना मिठीच मारली. "अरे, मेरा भी यही नाम है! अब तो बेटी मेरा नाम कभी नहीं भूलेगी!"

ताई, मी पदराआड होते म्हणून बरं. माझं तोंड कोणी पाहिलं नाही.

आता तुमच्या अटीप्रमाणे सांगते. मला सरदारजींची भीती कधीच वाटली नव्हती. त्यांचं आणि माझ्या सासऱ्यांचं नाव एकच आहे. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. दुसऱ्या कोणाचं तेच नाव असलं तरी ते तोंडातून काढत नाही. तुम्ही ट्रंकवर ते नाव दिलं की त्याऐवजी दुसरं काय म्हणता येईल ते मी शोधायचे. सुरवातीला मी मुनिमाला "मालकांना द्या" म्हणायचे. तर त्यांचे धाकटे भाऊही मालकच, तेच यायचे, आणि पलीकडचा माणूस चिडायचा. मग "लाल पगडीवाले" म्हणून पाहिलं. पण ते पगडी रोज बदलतात. एक दिवस पिवळी होती, मुनीम म्हणाला इथे लाल कोणी नाही. शेवटी मी विचारणंच सोडलं. विचारल्यासारखं करून तुम्हाला "पार्टी हजर नाही" सांगू लागले.

हे खोटं आहे, मला कळतं. पण मला सांगा, ज्यांनी सगळ्या तांड्याचं ऐकून घेऊन मला या खुर्चीवर बसवलं, त्यांचंच नाव मी या खुर्चीवर बसून घेऊ? लोक म्हणतील, चार पैसे मिळवायला लागली आणि सासऱ्याला नावानं हाका मारायला लागली. आणि ते स्वतः मनात काय म्हणतील?

आपली,
सुखी


यवतमाळ
२० एप्रिल १९६३

चि. सुखीस आशीर्वाद.

महिनाभर मी पत्र लिहिलं नाही, आणि लाइनवर "पांढरकवडा, नंबर" यापलीकडे बोलले नाही. तू काय ते समजली असशीलच. मला राग आला होता. नाव घेत नाहीस म्हणून नाही, मला खोटं सांगितलंस म्हणून. तू "पार्टी नाही" म्हणालीस आणि मी पुढे नागपूरला तेच सांगितलं. म्हणजे तुझ्याबरोबर मीही खोटी ठरले. आपल्या कामात दुसरं आहेच काय? पलीकडचा माणूस आपल्याला पाहत नाही, आणि तरी आपल्यावर विश्वास ठेवतो. तेवढंच आपलं भांडवल आहे.

राग आता गेला. कारण मग मी स्वतःला विचारलं, माझ्या नवऱ्याच्या नावाचा कोणी फोनवाला यवतमाळात असता तर मी काय केलं असतं? यांचं नाव पुंडलीक. लिहायला चालतं असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. तोंडानं फक्त उखाण्यात घेतलं, तेही लोकांनी दार अडवलं तेव्हा. सुदैवानं इथे फोनवाला पुंडलीक एकही नाही, म्हणून मी मोठी हुशार ऑपरेटर. आणि तुझ्या सहीतल्या ‘ह.’चा उलगडाही मला आत्ता झाला, नवऱ्याचं नाव तू कागदावरसुद्धा पुरतं लिहीत नाहीस.

तेव्हा रीत सोड असं मी सांगणार नाही. पण नोकरी सोड असंही नाही. तुझा कान चांगला आहे, डोकं शांत होत चाललं आहे, आणि पुढेमागे तू यवतमाळच्या ट्रंक बोर्डावर माझ्या शेजारी बसावंस असं माझ्या मनात आहे. हे मी आजवर बोलले नव्हते. इन्स्पेक्टरसाहेब शेरा लिहिण्याआधी माझं मत विचारतात. मी तेव्हा खोटं बोलणार नाही, हे लक्षात ठेव.

आता दोन गोष्टी कर. सरदारजींना खरं काय ते सांग आणि माफी माग. आणि नाव ज्याचं आहे त्यालाच विचार. तू इतके दिवस सासऱ्यांच्या मनात काय येईल याचा विचार करते आहेस, पण त्यांना कुठे विचारलंस?

तुझी,
विमलताई


पांढरकवडा
१४ मे १९६३

ती. विमलताईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग कामाला लागले.

सरदारजींकडे आमच्या यांना घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ऑफिसचं छप्पर उडणार. ते एवढे हसले की हमाल काम सोडून पाहायला आले. म्हणाले, "हमारी भाभी भी ऐसी ही है." तक्रार वाढवणार नाही म्हणाले. पण मग गंभीर झाले. "लेकिन बेटी, मेरा धंदा तो इसी नाम से चलता है. नाम न बदल सकता हूँ, न धंदा." जूनपर्यंत थांबतो म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. तोवर त्यांचा पी.पी. आला की पोस्टमास्तर उठून येऊन नाव घेतात आणि माझ्याकडे पाहतात. आता पार्टी रोज हजर असते.

दुसरं काम मात्र फसलं. सासऱ्यांना तोंडावर विचारणं शक्यच नाही, आणि आमचे हे म्हणतात, "बाले मी नाही विचारत, मलेच लाज वाटते." सासूबाईंना विचारलं तर त्यांनी कानावर हातच ठेवले. मग मी भुऱ्याला सांगितलं, "भुऱ्या, कामात कधी कधी मोठ्या माणसाचं नाव घ्यावं लागते रे." सासरे पुढून भुऱ्याला म्हणाले, "घ्याव नं भुऱ्या! सकाळी उठून देवाचं नाव घ्यावच." मी परत म्हणाले, "भुऱ्या, देवाचं नाही, घरातल्या मोठ्या माणसाचं." ते म्हणाले, "भुऱ्या, घरातली मोठी मानसं गेली आता. तेही देवच झाले." तेवढ्यात पोस्ट आलं.

इन्स्पेक्टरसाहेब जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येणार आहेत. त्यांच्यासमोर एकवीस नंबरचा कॉल आला आणि पोस्टमास्तर मधे पडले, तर माझा निकाल तिथेच लागला. ताई, मला ही खुर्ची हवी आहे. मला तुमच्या शेजारी बसायचं आहे. पण तोंड उघडत नाही.

आपली,
सुखी


यवतमाळ
२५ मे १९६३

चि. सुखीस आशीर्वाद.

भुऱ्याच्या भरवशावर खात्याचं काम चालणार नाही.

सोमवारी, ३ जूनला, सासऱ्यांना पोस्टातून लगेच घरी परतू देऊ नकोस. व्हरांड्यात बसव. काही तरी कारण सांग, भुऱ्याला सांगायचं असलं तर भुऱ्याला सांग. कळशीतला आवाज लाव. जास्त विचारू नकोस.

विमलताई


पांढरकवडा
५ जून १९६३

ती. विमलताईंना नमस्कार.

तुम्ही असं काही कराल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पोस्टमास्तरांनाही तुम्ही आधीच फितवलं होतं, हे मला काल कळलं.

मी बसले होते. सासरे बाहेर व्हरांड्यात, भुऱ्या त्यांच्या पायाशी. बोर्डावर यवतमाळचं शटर पडलं, म्हणजे तिकडून कॉल आला, मी प्लग लावला. तुम्ही अगदी परक्या आवाजात म्हणालात, "पांढरकवडा, पोस्टातल्या सार्वजनिक फोनवर पी.पी. कॉल. पार्टीचं नाव," आणि सासऱ्यांचं पूर्ण नाव सांगितलं. तांड्यासकट! मी प्लग चाचपत राहिले. मग म्हणालात, "पांढरकवडा, पार्टीचं नाव पुकारा."

सार्वजनिक फोनवर कोणाला बोलवायचं झालं तर खिडकीतून मीच नाव पुकारते. मी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. त्यांनी तिकिटांवर शिक्के मारायला सुरवात केली होती. मी खिडकीशी गेले. सासरे पाठमोरे बसले होते. मनात म्हटलं, हा कळशीतला नंबर आहे असं समज. आणि पुकारलं.

ते हललेच नाहीत. मला वाटलं, आवाज फुटलाच नाही. पण व्हरांड्यातली बाकीची माणसं माझ्याकडे पाहत होती. मी परत पुकारलं, तुम्ही शिकवलं तसं, स्पष्ट, घाई न करता. तरी ते तसेच. तिसऱ्यांदा पुकारलं. मग ते उठले, वळून माझ्याकडे न पाहता फोनच्या खोक्यात गेले आणि फोन उचलला. मी तुम्हाला "पार्टी हजर आहे, बोला" म्हणाले आणि लगेच कानावरचा हेडफोन काढून ठेवला. ऐकलं नाही, शपथ. ते मात्र आतून एवढ्या मोठ्यानं बोलत होते की फोनशिवायही यवतमाळला ऐकू गेलं असतं. पण काय बोलले ते त्या दणक्यात एक अक्षर समजलं नाही.

त्यानंतर एकवीस नंबरचे सगळे पी.पी. मी नाव घेऊन दिले. नाव तोंडातून निघतं आता. सरदारजींनी पेढे पाठवले.

पण ताई, मला चैन नाही. दोन दिवस झाले, सासरे बोलत नाहीत. पोचवायला येतात, पुढे चालतात, पण भुऱ्यालाही काही सांगत नाहीत. भुऱ्या वळून वळून माझ्याकडे पाहतो. तीन वेळा पुकारावं लागलं म्हणजे त्यांना किती लागलं असेल! चारचौघांत सुनेनं नाव घेतलं म्हणून ते ऐकून न ऐकल्यासारखे बसले असतील. तुम्ही त्या कॉलच्या तीन मिनिटांत त्यांना काय म्हणालात? ते रागावले का? नोकरी मिळाली आणि ते दुखावले, तर मी त्या खुर्चीवर बसून काय करू?

आपली,
सुखी


यवतमाळ
१५ जून १९६३

चि. सुखीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर केला, कारण तुला दोन्ही बातम्या एकदम द्यायच्या होत्या. इन्स्पेक्टरसाहेब तुझ्याकडून परत आले. म्हणाले, पांढरकवड्याच्या बाई नावं फार स्पष्ट घेतात! मला मत विचारलं. मी काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं, खोट्या ‘पार्टी नाही’सकट. ते आधी रागावले, मग हसले, मग चष्मा पुसत बसले. शेरा चांगला आहे. नोकरी पक्की झाल्याचा कागद येईलच. आणि पुढच्या वर्षी इथे जागा निघाली की अर्ज तू करायचा आहेस, मी तुझ्या वतीनं करणार नाही.

आता त्या तीन मिनिटांचं. तो कॉल मी माझ्या पैशानं केला होता, तेव्हा कोणाशी काय बोलायचं हा माझा प्रश्न. "पोरीले नोका सांगू" असं त्यांनी मला बजावलं आहे, म्हणूनच ते भुऱ्याशीही बोलायचं टाळत असतील. पण तू दोन दिवस कुत्र्याचं तोंड पाहत काढलेस, म्हणून वचन मोडते.

ते जन्मात पहिल्यांदाच फोनवर बोलत होते. यवतमाळपर्यंत ऐकू जावं म्हणून जीव खाऊन ओरडत होते. मी माझं नाव सांगितलं. तर म्हणाले, "हाव, कळशीवाली बाई!" मग मी सगळं सांगितलं. सुनेची अडचण, सरदारजींचं नाव, पगड्यांचे रंग, सगळं. आणि विचारलं, नायक, तुमची हरकत नसेल तर कामापुरतं तिनं हे नाव घ्यावं का? ते म्हणाले, "घेऊ द्या नं. एवढ्यासाठी बिचारी भुऱ्याचं डोस्कं खात होती का?"

मग मी म्हटलं, पण तीन वेळा पुकारावं लागलं तिला. राग आला असेल तर तसं सांगा, मी तिच्या वतीनं माफी मागते. एवढा वेळ ओरडणारा माणूस गप्प झाला. मला वाटलं, लाइन तुटली. मी "हॅलो, हॅलो" केलं, तुझ्यासारखंच. मग ते बोलले, अगदी हळू. मला कान दाबून ऐकावं लागलं.

"राग नाही बाई. मले पहिल्याच हाकेले ऐकू आलतं. पण घरात कोणी मले बा म्हणते, तांडा नायक म्हणते, बायको तं नावच घेत नाही. माही याडी, माही माय, मेली तवापासून किसन म्हणून कोणी हाकच मारली नाही. आज पोरीनं मारली, तं वाटलं, अजून एक डाव मारू दे."

तुझी,
विमलताई